पैसे घ्या, पण वॉर्डात नको

इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपवर मार्च-एप्रिल आला की एक प्रश्न हमखास पडतो. आईबाबा येतायत सहा महिन्यांसाठी, इकडे काही दुखलंखुपलं तर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फुकट होतं का? मग धडाधड उत्तरं येतात. कुणी म्हणतं बिनधास्त बोलवा, इथे सगळ्यांना सगळं फुकट आहे, कुणी म्हणतं अजिबात नाही, आमच्या ओळखीत एकांना घर विकायची वेळ येईल एवढं बिल आलं, कुणी इन्शुरन्स एजंटचा नंबर टाकतं, आणि ज्यानं विचारलेलं असतं तो बिचारा आधीपेक्षा जास्त गोंधळतो. म्हणून आधी नियम काय आहे ते सांगतो आणि मग माझं म्हणणं मांडतो, कारण या विषयावर माझं मत ठाम आहे आणि ते "सगळं फुकट पाहिजे" वाल्यांना पण पटणार नाही आणि "बाहेरच्यांकडून चोपून घ्या" वाल्यांना पण पटणार नाही.

नियम इंग्लंडचे सांगतोय. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे थोडे वेगळे आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाता येतं, त्याचे पैसे नाहीत. ए अँड ई मध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कॅज्युअल्टीत, जाता येतं, तिथेही पैसे नाहीत. टीबी, कोविड असल्या संसर्गजन्य आजारांचे उपचार कुणालाही फुकट, एचआयव्हीचे पण २०१२ पासून फुकट. गोम पुढे आहे. ए अँड ईचा डॉक्टर तपासून म्हणाला की यांना ऍडमिट करूया, आणि पेशंटला वरच्या वॉर्डात नेलं, की तिथून पुढचं सगळं पैशाचं. आणि ते पैसे पण जेवढा खर्च आला तेवढे नाहीत, २०१५ पासून युरोपबाहेरच्या व्हिजिटरला एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट लावतात. म्हणजे ज्या ऑपरेशनचा दर ४,००० पौंड, त्याचं बिल ६,०००. तातडीचं असेल तर आधी उपचार करतात आणि बिल मागून देतात, पैसे नाहीत म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही. बाळंतपण तर नेहमीच तातडीचं धरतात, पण बिल त्याचंही लागतं. थांबू शकेल असा उपचार असेल तर ऑक्टोबर २०१७ पासून आधी पूर्ण पैसे भरायचे, मगच तारीख. आणि ५०० पौंड किंवा जास्तीचं बिल दोन महिने थकलं तर हॉस्पिटल ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या गृहखात्याला, कळवू शकतं, म्हणजे पुढच्या वेळेला आईचा व्हिसा त्याच कारणावर नाकारला जाऊ शकतो.

आता माझं म्हणणं. व्हिजिटरकडून पैसे घेणं योग्य आहे, यात मला काही शंका नाही. मी इथे राहतो, टॅक्स भरतो, मला हिप रिप्लेसमेंटच्या वेटिंग लिस्टवर वर्ष काढणारे म्हातारे शेजारी दिसतात, त्यांनी आयुष्यभर या व्यवस्थेत पैसे घातलेत, आणि कुणी जगाच्या दुसऱ्या टोकाकडून येऊन तोच उपचार काही न देता घेऊन जावा असं मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकत नाही. पण हे पैसे कुठे घ्यायचे, केव्हा घ्यायचे आणि कुणी घ्यायचे, यात सगळं चुकलंय. हे पैसे माणूस देशात यायच्या आधी घ्यायला पाहिजेत, व्हिसाच्या अर्जाबरोबर, सगळ्यांकडून थोडे थोडे. आजारी माणूस पलंगावर असताना त्याच्या उशाशी जाऊन नाही.

आपल्या लोकांचा पहिला मुद्दा असतो की अहो आम्ही एवढा टॅक्स भरतो, वर सरचार्ज भरतो, मग आईबाबांचं का नाही होत त्यातून? राग खरा आहे, आकडे बघितले की कळतं. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथे राहायला येणाऱ्यांकडून व्हिसाबरोबर एनएचएससाठी घेतात ती रक्कम, एप्रिल २०१५ ला सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, २०१९ मध्ये ४००, २०२० मध्ये ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. मुलांना ७७६. नवरा-बायको आणि दोन मुलं पाच वर्षांच्या व्हिसावर येत असतील तर १८,११० पौंड, एकरकमी, विमानात बसायच्या आधी. आणि मग इथे येऊन पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळाच. हे दुहेरी घेणं आहे आणि त्याबद्दल बोललं पाहिजेच. (हेल्थ अँड केअर व्हिसावाल्या नर्स-डॉक्टरांना २०२० मध्ये यातून सूट मिळाली, ती पण कोविडच्या काळात प्रचंड ओरड झाल्यावर.) पण त्यावरून आईबाबांचा हक्क सिद्ध होत नाही. एनएचएस काही भिशी नाही, की माझे एवढे हप्ते झाले, माझ्या नंबराचे पैसे आता आईला द्या. इथे जो राहतो त्याचं आजारपण सगळे मिळून उचलतात एवढाच तो करार आहे, आणि पाहुणा इथे राहत नाही.

आता दुसरी बाजू. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून हा वाद आहे. परदेशी लोक बोटीतून उतरतात आणि फुकट चष्मे-कवळ्या घेऊन जातात अशी ओरड तेव्हाही होती. ज्यानं एनएचएस उभं केलं त्या अन्युरिन बेव्हननं त्यावर जे उत्तर दिलं ते मला आजही बिनतोड वाटतं. त्याचं म्हणणं होतं की परदेशी माणूस ओळखणार कसा? त्याला ओळखायचं तर प्रत्येकालाच तू इथला आहेस का म्हणून विचारावं लागेल, प्रत्येकाला कागद खिशात घेऊन फिरावं लागेल, आणि पाहुण्याला बाहेर ठेवायच्या नादात घरच्यांनाच ताप होईल. १९४९ मध्ये सरकारनं कायद्यात पैसे घ्यायची तरतूद करून ठेवली पण प्रत्यक्ष वसुलीचे नियम यायला १९८२ उजाडलं. एवढी वर्षं सरकारं आली गेली, कुणी त्यात हात घातला नाही, कारण बेव्हनच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर आजही नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. सरकारनं अठरा हॉस्पिटल ट्रस्टमध्ये प्रयोग केला, पेशंटकडून दोन दोन ओळखपत्रं मागायची. जवळपास नऊ हजार लोकांना विचारलं आणि त्यातले पैसे लागू होणारे निघाले पन्नासच्या आसपास. म्हणजे १८० माणसं तपासली की एक सापडतो. बाकीच्या १७९ जणांचा वेळ गेला, रिसेप्शनवरच्या बाईचा वेळ गेला, आणि व्यवहारात असंही होतं की सगळ्यांनाच विचारा असा नियम असला तरी ज्याचं नाव कुलकर्णी किंवा ओकोंक्वो आहे, ज्याचं इंग्लिश अडखळतं, त्याला जास्त बारकाईनं विचारलं जातं. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण चेहरा, नाव आणि उच्चार एवढंच समोर असताना माणूस दुसरं कशावरून अंदाज बांधणार?

विंडरश प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेलच, कॅरिबियनमधून आलेल्या आणि कित्येक दशकं कायदेशीर राहिलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदेशीर ठरवलं होतं ते. त्यातलाच एक. १९७३ मध्ये जमैकाहून आईकडे आलेला मुलगा, ४४ वर्षं लंडनमध्ये राहिला, काम केलं, टॅक्स भरला. प्रोस्टेट कॅन्सर झाला, रेडिएशन ठरलं, आणि त्याला सांगण्यात आलं की तुझे कागद पूर्ण नाहीत तेव्हा ५४,००० पौंड भर नाहीतर उपचार नाही. तो व्हिजिटर नव्हताच. तो इथलाच होता, त्याच्याकडे फक्त ते सिद्ध करणारा कागद नव्हता. २०१८ मध्ये हे पेपरात आलं, पार्लमेंटमध्ये गाजलं, म्हणून त्याला उपचार मिळाले. पेपरात न आलेले किती असतील?

कागदावरचा नियम वॉर्डात कसा दिसतो ते पण सांगतो. ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे, कुठलं हॉस्पिटल ते महत्त्वाचं नाही. मुलगी इथे आयटीत, बाबा सांगलीकडचे, रिटायर्ड शिक्षक, नातीच्या वाढदिवसासाठी आलेले. एका रात्री त्यांना दम लागायला लागला, झोपलं की जास्त, उठून बसलं की जरा कमी. मुलीनं रात्रीच ए अँड ईला नेलं, तिथे सगळं चोख झालं, ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, पायाला सूज बघितली, पहाटे वरच्या वॉर्डात हलवलं. सकाळी दहाच्या सुमाराला गळ्यात आयडी कार्ड, हातात फाईल अशा एक बाई आल्या. डॉक्टर नाही, नर्स नाही. ओव्हरसीज व्हिजिटर्स टीमच्या. अगदी नम्रपणे बोलल्या, त्यांचा काही दोष नाही. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही कुठे राहत होता एवढंच विचारलं. मग पासपोर्ट, मग व्हिसा, मग फॉर्मवर सही, मग अंदाजे खर्च आणि दीडपट म्हणजे काय ते. बाबांना इंग्लिश वाचता येतं पण त्या वेगानं बोललेलं कळत नाही, ते मुलीकडे बघत राहिले. त्या गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणत होत्या गं त्या?" मुलगी म्हणाली, "काही नाही बाबा, फॉर्म होता." त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. म्हणाले, "मला आता बरं वाटतंय. डॉक्टरना सांग, घरी सोडा म्हणावं. राहिलेल्या टेस्ट सांगलीला करू."

इको व्हायचा होता अजून. मुलीनं आणि नंतर एका मल्याळी नर्सनं खूप समजावलं तेव्हा थांबले. पण त्या दिवसापासून ते काय होतंय ते खरं सांगेनात. रात्री दम लागला का विचारलं की छे छे, छान झोप लागली. डॉक्टरला पेशंट खोटं बोलायला लागला की औषधाचा डोस कशाच्या जिवावर ठरवायचा?

या कारणासाठी मी म्हणतो की वॉर्ड ही पैसे मागायची जागा नाही. आपल्याकडच्या त्या पिढीला मुलांवर आपला खर्च पडणं हे दुखण्यापेक्षा मोठं दुखणं वाटतं. आई छातीत दुखतंय म्हणून सांगणार नाही, ऍसिडिटी आहे, जिरं-ओवा खाल्ला की जाईल म्हणेल. सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर आणलेल्या असतात, मुक्काम वाढला आणि त्या संपत आल्या की बीपीची गोळी दिवसाआड घेईल. जीपी फुकट आहे हे तिला माहीतच नसतं, कारण तिनं एवढंच ऐकलेलं असतं की इथे दवाखाना म्हणजे हजारो पौंड. मग जे दुखणं जीपीकडे दहा मिनिटांत आटपलं असतं ते ऍम्ब्युलन्सनं आयसीयूत जातं, आणि तिथला खर्च शेवटी बुडतो, कारण एवढे पैसे त्या कुटुंबाकडे नसतातच.

हे फक्त आपल्या घरातलं नाही. इथल्या मातामृत्यूंची जी राष्ट्रीय पातळीवर चौकशी होते तिच्या २०१९ च्या अहवालात अशा बायकांचा उल्लेख आहे ज्या खर्चाच्या आणि इमिग्रेशनच्या भीतीनं तपासणीलाच वेळेवर आल्या नाहीत. त्याच्या आधी डिसेंबर २०१८ मध्ये फिजिशियन, बालरोग, स्त्रीरोग आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून सरकारला सांगितलं होतं की ही वसुली तूर्त थांबवा आणि तिचा परिणाम तपासा. भर म्हणून २०१७ मध्ये पेशंटचे पत्ते होम ऑफिसला द्यायचा करार झाला होता, तो गदारोळ झाल्यावर २०१८ मध्ये थांबवला, पण लोकांच्या मनातून ती भीती जायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. टीबी फुकट आहे हे खरं, पण खोकणाऱ्या माणसाला आपल्याला टीबी आहे हे आधी माहीत नसतं ना. तो दारातच आला नाही तर फुकट उपचाराचा काय उपयोग, आणि तो ज्या बसमधून जातो त्याच बसमध्ये बाकीचे पण असतातच.

बरं, एवढं सगळं करून पैसे तरी मिळतात का? सरकारनं २०१७-१८ पर्यंत वर्षाला ५० कोटी पौंड वसूल करायचं टार्गेट ठेवलं होतं. इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं २०१६ मध्येच सांगितलं की हे जमणार नाही. त्या अहवालातला जो आकडा मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच आहे. २०१५-१६ मध्ये एकूण २८.९ कोटी पौंडांची जी आकारणी झाली त्यातले १६.४ कोटी एकट्या सरचार्जचे होते. म्हणजे नवीन सरचार्जनं पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त पैसे आणले. सरचार्ज कुठे भरतात? व्हिसाच्या वेबसाईटवर, कार्डानं, घरी बसून, धडधाकट असताना. त्यात बुडीत काही नाही, वसुलीला माणूस लागत नाही. आणि वॉर्डात जाऊन फाडलेल्या बिलांचं काय होतं? माणूस नागपूरला परत गेला की त्याच्याकडून इंग्लंडच्या हॉस्पिटलनं पैसे कसे काढायचे? त्यातली कितीतरी बिलं वर्षानुवर्षं येणे म्हणून वह्यांत पडून राहतात.

तर मग व्हिजिटर व्हिसाला पण तेच करा. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी आता सव्वाशे पौंडांच्या आसपास आहे. त्यात आरोग्याचा एक ठरावीक भाग जोडा, पन्नास म्हणा, शंभर म्हणा, तो आकडा हिशोब जाणणाऱ्यांनी काढावा. ज्यांना व्हिसा लागत नाही, म्हणजे अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, आणि आता युरोपियन सुद्धा, त्यांना २०२५ पासून यायच्या आधी मोबाईलवर ईटीए, म्हणजे प्रवासाचा ऑनलाईन परवाना, काढावाच लागतो आणि त्याची फी भरावीच लागते, तेव्हा त्यांच्याकडून घ्यायची यंत्रणा पण तयार आहे. येणाऱ्यांतले बहुतेक धडधाकट येतात, बिग बेन बघतात, लेक डिस्ट्रिक्टला फोटो काढतात आणि परत जातात. त्या सगळ्यांचे थोडे थोडे जमले की ज्या काही जणांना अचानक हार्ट अटॅक येतो, ज्यांचं बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडतं, त्यांचा तातडीचा खर्च त्यातून उचलता येईल. आणि तो भाग भरलेल्या माणसाला वॉर्डात कुणी काही विचारायचं कारणच उरत नाही.

कुणी म्हणेल इन्शुरन्स सक्तीचा करा की, हा नवीन टॅक्स कशाला. पॅरिस-रोमला जायला शेंगेन व्हिसा काढला की ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतोच, तो सगळेच काढतात. कॅनडात आईवडलांच्या सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं मेडिकल कव्हर लागतं. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला मात्र इन्शुरन्सची अट नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. अट घालायला माझी हरकत नाही, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण ज्यानं आपल्या सत्तरीच्या वडलांसाठी अशी पॉलिसी कधी बारीक अक्षरांसकट वाचलीय त्याला माहिती आहे त्यात काय असतं. वय वाढलं की प्रीमियम चढतो आणि कव्हर आखडतं. आधीपासून असलेले आजार, म्हणजे शुगर, बीपी, हार्ट, जे त्या वयात कुणाला नसतात, ते एकतर वगळलेले असतात नाहीतर अगदी जिवावर बेतलं तरच आणि मर्यादित रकमेपर्यंत. क्लेमच्या वेळी कंपनी म्हणते हा अटॅक शुगरमुळे आला. मग बिल परत मुलाच्या दारात. म्हणून इन्शुरन्सपेक्षा मला सगळ्यांच्या फीमधून जमणारा एकत्र पैसा जास्त भरवशाचा वाटतो, त्यात कुणाची शुगर कधीपासूनची हे कुणी काढत बसत नाही.

आणि हे काही हवेतलं नाही. युरोपमध्ये असंच चालत आलंय. जर्मन माणूस मँचेस्टरमध्ये आजारी पडला तर तो आपलं कार्ड दाखवतो, त्याच्यावर उपचार होतात, आणि हिशोब दोन देश आपापसात करतात. ब्रेक्झिटनंतरही ती सोय ठेवलीय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी पण करार आहेत. भारताशी नाही. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटननं व्यापार करारावर सह्या केल्या, त्याच्या बरोबरीनं थोड्या काळासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या नॅशनल इन्शुरन्सचं पण ठरवलं. दोन देश एवढ्या बारीक गोष्टी बसून ठरवू शकतात तर पाहुण्यांच्या तातडीच्या आजारपणाचं ठरवायला काय अडचण आहे मला कळत नाही.

आपल्या घराजवळ हे एकदा घडून गेलंय, देश एकच असताना. गोव्यातलं बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, कुडाळ या भागातला गंभीर पेशंट वर्षानुवर्षं बांबोळीलाच जातो. साप चावला, ऍक्सिडेंट झाला, डोक्याला मार लागला, की "बांबोळीक न्या" हे ठरलेलं. बांद्याहून हायवेनं सरळ रस्ता आहे, कोल्हापूरला जायचं तर रात्री आंबोलीचा घाट चढायचा. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारनं बिगर-गोंयकारांना फी लावली. गोव्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, पंधरा-सोळा लाखांच्या राज्यानं बांधलेलं हॉस्पिटल, तिथले पलंग बाहेरच्या पेशंटनी भरणार आणि गोव्याचा माणूस फरशीवर गादी टाकून झोपणार, तर त्यांच्या आमदाराला लोक विचारणारच. पण फी भरायची वेळ आली ती दोडामार्गच्या शेतकऱ्यावर, ज्याचा मुलगा स्ट्रेचरवर आहे. लोक रस्त्यावर उतरले, दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. आणि मार्ग काय निघाला? तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून गोमेकॉतल्या उपचारांचे पैसे द्यायचे. म्हणजे गोव्याला त्याचे पैसे मिळायची सोय झाली आणि पेशंटच्या बापाला खिशात हात घालावा लागला नाही. हे आधीच करता आलं असतं, दोन मुख्यमंत्र्यांनी एक बैठक घेतली असती तर. मधल्या काळात जे पेशंट फीच्या धास्तीनं तालुक्याच्या दवाखान्यातच ठेवले गेले त्यांचा हिशोब कुणीच ठेवला नसणार. (आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, पण कॉलेज झालं म्हणून लगेच न्यूरोसर्जन मिळतो असं नाही.)

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतील की फी भरली म्हटल्यावर मुद्दाम आजारी लोक येतील, शंभर पौंड भरून बायपास करून घेतील. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत. जे अचानक झालं, जे थांबू शकत नाही, ते फीमधून. जे परत जाऊन करता येण्यासारखं आहे, गुडघा बदलणं, मोतीबिंदू, त्याचे पैसे आधी घ्या, पूर्ण घ्या, माझी काही हरकत नाही, फक्त दीडपट घेऊ नका. खर्च चार हजार असताना सहा हजार मागणं ही वसुली राहत नाही, तो दंड होतो, आणि आजारी पडणं हा गुन्हा नाही. कुठलं तातडीचं आणि कुठलं नाही हे डॉक्टर आजही ठरवतातच, त्यात नवीन काही नाही.

आणि जे व्हिसा संपून इथेच राहिलेत, ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांचं काय? ते माझ्या या फीमध्ये बसत नाहीत हे मला मान्य आहे. पण ते व्हिजिटर पण नाहीत. ते इथेच राबतात, रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला भांडी घासतात, त्यांच्या बायकांची बाळंतपणं इथेच होतात. बाळंतपणाचं हजारो पौंडांचं बिल त्यांच्या हातात ठेवून आजपर्यंत काय साधलं? ते भरत नाहीत कारण भरू शकत नाहीत, आणि पुढच्या वेळी ती बाई तपासणीला येत नाही. बाळंतपण सरसकट बिलाच्या बाहेर काढा, निदान एवढं तरी.

मी हे सगळं आज मांडतोय कारण आपल्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न दर दोन वर्षांनी पडणारच आहे. जुलै २०१२ मध्ये नियम बदलल्यापासून आईवडलांना कायमचं इथे आणणं जवळजवळ अशक्य झालंय. मूल इथे, नातवंडं इथे, म्हातारे तिकडे, आणि मधे सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा, येरझाऱ्या चालूच. वय वाढत जातं तसा प्रत्येक ट्रिपचा धोका वाढतो. याला ग्रुपवर एजंटचा नंबर टाकणं हे उत्तर नाही.

भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून, ब्रिटनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं, आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत, नाहीतर ब्रिटिश पासपोर्ट मिळेपर्यंत आपल्याला काही बोलायचा अधिकार नाही असं धरून चालतात. काउन्सिलच्या मतदार यादीत नाव ऑनलाईन नोंदवता येतं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि खासदार मतदारसंघात सर्जरी घेतात, म्हणजे लोकांना भेटायला बसतात, बहुतेक जण शुक्रवारी किंवा शनिवारी, वेळ ईमेलनं मिळते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी १९३२ पासूनची संस्था आपल्याकडे आहे, गावोगावची छोटी मंडळं आहेत, गणपतीला शेकडो माणसं जमतात, तिथे एका टेबलावर खासदारांना द्यायचं एक पत्र सहीसाठी ठेवता येईल. मागणी तीन ओळींत मावते. व्हिजिटर व्हिसा आणि ईटीएच्या फीमध्ये तातडीच्या उपचारांचा भाग जोडा, ज्यानं तो भरला त्याला वॉर्डात बिल देऊ नका, आणि बाकी उपचारांना दीडपट लावणं बंद करा. मी माझ्या खासदाराला लिहिलंय, मसुदा ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, स्वतःच्या घरातली एखादी खरी गोष्ट त्यात घालावी आणि पाठवावा.